डरवेंट खोऱ्यातील धरणांभोवतीची एका दिवसाची पायपीट: पूर्ण फेरी करावी की अर्धी?

शेफील्डकर

माझे सासू-सासरे येत्या ऑक्टोबरमध्ये नाशिकहून आमच्याकडे महिनाभर राहण्यासाठी येत आहेत. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असून वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही रोज पहाटे गंगापूर रस्त्याने सात-आठ किलोमीटर चालून येतात. सासूबाईही चालण्यात मागे राहणाऱ्या नाहीत, मात्र उतार आला की त्यांचे गुडघे कुरकुर करतात. लंडनचे राजवाडे पाहण्यात दोघांनाही रस नाही. "तुमच्याकडे एखादे जुने धरण असेल तर ते दाखव," एवढीच सासऱ्यांची फर्माईश आहे.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पश्चिमेला, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात डरवेंट नदीवर एकाखाली एक अशी तीन धरणे आहेत. सर्वांत वर हाउडन, मध्ये डरवेंट आणि खाली लेडीबावर. हाउडन १९१२ साली आणि डरवेंट १९१६ साली पूर्ण झाले; लेडीबावर १९३५ ते १९४३ या काळात बांधले गेले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. फेअरहोम्स येथील वाहनतळापासून निघून वरच्या दोन जलाशयांना वळसा घालून परत यायचे, तर साधारण १६ ते १७ किलोमीटरची चाल होते. माझ्या मते ही फेरी करायची तर पूर्णच करावी, कारण दोन दगडी भिंती, त्यांच्यामागचे पाणी आणि नदी जिथे अजून नदीच आहे तो वरचा भाग हे सगळे एका दिवसात क्रमाने पाहिले तरच त्या खोऱ्याचा अर्थ लागतो. आमचे हे मात्र म्हणतात की वडीलधाऱ्यांना घेऊन अर्ध्यातून परत फिरावे.

ज्यांनी ही फेरी केली आहे त्यांनी कृपया सांगावे: कोणत्या बाजूने सुरुवात करावी, मधूनच परतण्याची सोय आहे का, आणि वाटेत काय चुकवू नये?

चहाबाज

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, चहा आणि स्वच्छतागृह या दोन्ही गोष्टी फक्त फेअरहोम्सला आहेत. त्यानंतर पुढचे सोळा किलोमीटर तुम्ही, मेंढ्या आणि परमेश्वर. थर्मास आणि दशम्या बरोबर घ्याव्यात. बाकी चर्चा तज्ज्ञांनी करावी.

रानवाट

शेफील्डकरताई, फेरी पूर्णच करावी या तुमच्या मताशी मी सहमत आहे, पण त्याचे कारण भावनिक नसून भौगोलिक आहे. हाउडन धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाण्यास सामान्य लोकांना वाट नाही आणि भिंतीच्या पायथ्याशी डरवेंट जलाशयाचे पाणी टेकलेले असते. त्यामुळे एकदा फेअरहोम्स सोडले की दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी पुढची जागा थेट वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्स येथील दगडी पुलावर आहे. मधूनच पलीकडे जाऊन छोटी फेरी पूर्ण करणे हा पर्यायच नाही. एक तर आल्या वाटेने परत यायचे, नाहीतर पूर्ण वळसा घालायचा.

दिशेविषयी सांगायचे तर, मी पश्चिम किनाऱ्याने वर जाऊन पूर्व किनाऱ्याने खाली येतो. ऑक्टोबरमध्ये सूर्य फार वर चढत नाही. सकाळी पूर्वेकडच्या डोंगराची सावली पूर्व किनाऱ्यावर बराच वेळ राहते आणि तिथला गारठा हाडांत शिरतो, तर पश्चिम किनाऱ्यावर ऊन लवकर पोहोचते. दुपारनंतर हेच उलटे होते. सूर्याच्या पाठोपाठ चालावे, एवढाच माझा नियम आहे. पश्चिमेकडे डांबरी रस्ता आहे, पूर्वेकडे झाडीतून जाणारी रुंद कच्ची वाट आहे. शनिवार-रविवारी फेअरहोम्सच्या पुढचा रस्ता मोटारींना बंद असतो, त्यामुळे डांबर असले तरी शांतता भरपूर मिळते.

मिडलँड्सची माई

रानवाट यांचे उन्हाचे गणित बरोबर आहे, परंतु त्यांनी सासूबाईंचे गुडघे विचारात घेतलेले नाहीत. डरवेंट धरणाच्या पूर्व टोकाला पायथ्याकडे येणारी पायऱ्यांची तीव्र उतरण आहे. पंधरा-सोळा किलोमीटर चालून झाल्यावर त्या पायऱ्या उतरणे म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षाच. त्याऐवजी सकाळी ताज्या पायांनी त्या पायऱ्या चढून पूर्व किनाऱ्याने वर जावे आणि परत येताना पश्चिमेचा सपाट डांबरी रस्ता धरावा. अंधारून आले तरी त्या रस्त्यावर पाय मुरगळण्याची भीती नाही. गारठ्याचे म्हणाल तर, नाशिककरांना गारठा नवा नाही. एक कानटोपी जास्त घ्यावी.

रानवाट

माई, पायऱ्या टाळता येतात. पूर्वेकडच्या वाटेने भिंतीचे टोक मागे टाकून तसेच थोडे दक्षिणेकडे चालत राहिले की ती वाट हळूहळू खाली उतरून फेअरहोम्सकडे येणाऱ्या रस्त्याला मिळते. अंतर किंचित वाढते, परंतु गुडघे सुखरूप राहतात.

कडेकपारी

आपण सगळे जण त्या खोऱ्याच्या तळाशीच का अडकून पडलो आहोत हे मला समजत नाही. जलाशयाच्या कडेने चालणे हा फेरफटका झाला, त्याला भटकंती म्हणू नये. सूचिपर्णी झाडांच्या लागवडीतून किलोमीटरच्या किलोमीटर जाताना पाणी मध्येमध्येच दिसते. खरे खोरे पाहायचे असेल तर पूर्वेच्या डरवेंट एज या कड्यावर चढावे. तिथे वाऱ्यापावसाने झिजलेल्या वालुकाश्माच्या अजब शिळा आहेत, ज्यांना स्थानिकांनी सॉल्ट सेलर, व्हील स्टोन्स, केक्स ऑफ ब्रेड अशी नावे दिली आहेत. बॅक टॉर हा माथा ५३८ मीटर उंच आहे. त्याच्या जवळच्या लॉस्ट लॅड या टेकाडाशी बर्फात हरवलेल्या एका मेंढपाळ मुलाची दंतकथा जोडलेली आहे. वरून जलाशय एका नजरेत दिसतात आणि ऑगस्टमध्ये गेलात तर सगळे पठार हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेले असते. कळसूबाई सोडून भंडारदऱ्याच्या काठाने गाडीतून चक्कर मारणाऱ्यांना आपण काय म्हणतो, ते आठवून पाहावे.

मिडलँड्सची माई

कडेकपारी, आपण त्यांना "सासू-सासऱ्यांना घेऊन आलेले" असे म्हणतो.

जुना अभियंता

धागाकर्त्यांचे सासरे माझे व्यवसायबंधू निघाले, त्यामुळे राहवले नाही. मी लेकीकडे डर्बीला आलो असताना ही फेरी केली आहे. त्यांना तिथे नेमके काय पाहावेसे वाटेल ते सांगतो.

हाउडन आणि डरवेंट ही दोन्ही केवळ स्वतःच्या वजनावर पाण्याचा दाब पेलणारी भरीव दगडी धरणे आहेत. आतल्या काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड रोवलेले असून दर्शनी बाजूला घडीव दगडांचे थर आहेत. दोन्ही भिंतींची उंची ३५ मीटरच्या आसपास आहे आणि लांबी ३०० मीटरहून अधिक. दगड आला तो ग्रिंडलफर्डजवळच्या बोल हिलच्या खाणींतून. बॅमफर्डपासून धरणापर्यंत साहित्य वाहण्यासाठी स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला होता. एडवर्ड सँडमन हे या कामाचे मुख्य अभियंता होते. दोन्ही भिंतींवर जे किल्ल्याच्या बुरुजांसारखे मनोरे दिसतात, त्यांची उंची आणि नक्षी पाण्याच्या दाबासाठी मुळीच आवश्यक नव्हती. सार्वजनिक बांधकाम देखणे असलेच पाहिजे, असे मानणाऱ्या काळाची ती खूण आहे.

आपल्या माणसाच्या डोळ्यांना सर्वांत आधी खुपते ती एक गोष्ट म्हणजे या भिंतींवर दरवाजेच नाहीत. जलाशय भरला की पाणी सरळ भिंतीच्या माथ्यावरून, मधल्या सगळ्या लांबीवरून ओसंडते आणि खडबडीत दगडांवर फुटत खाली येते. हे त्यांना परवडते, कारण तिथला पाऊस वर्षभर विभागलेला असतो. आपल्याकडे चार महिन्यांत सगळे पाणी येते, त्याचा बराचसा भाग काही मोजक्या दिवसांत, आणि पावसाळ्याच्या शेवटी तलाव काठोकाठ भरलेला हवा असतो. त्यामुळे सांडव्यावर दरवाजे बसवून वरचा थर अडवणे आणि पूर आला की वेळेत सोडणे, ही आपली कायमची कसरत असते. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याला १९०३ साली बसवले, म्हणजे हाउडनचे काम सुरू झाले त्याच सुमारास. आणि अभिमानाने सांगायचे तर, प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले ते ८२ मीटर उंचीचे, म्हणजे या दोन्हींच्या दुपटीहून अधिक.

लेडीबावर मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते मातीचे धरण असून पोटात चिकणमातीचा गाभा आहे. मातीच्या भिंतीवरून पाणी ओसंडू देता येत नाही, म्हणून जलाशयातच काठाजवळ दोन गोल, विहिरीच्या तोंडासारखे सांडवे बांधले आहेत. पाणी त्या तोंडात चहूबाजूंनी शिरते आणि बोगद्यातून धरणाच्या खाली नदीत जाते. प्रत्येकाचा व्यास सुमारे २४ मीटर आहे. हिवाळ्यात जलाशय पूर्ण भरलेला असताना ते दृश्य पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. लेडीबावर तुमच्या फेरीत येत नाही, पण परतताना गाडी थांबवून सासऱ्यांना तो सांडवा अवश्य दाखवा.

सतरा कामं

अभियंता काका, दरवाजे का नाहीत हा प्रश्न मला तिथे उभा असताना पडला होता आणि बरोबरच्या इंग्रज मित्राला त्यात प्रश्न पडण्यासारखे काय आहे हेच कळेना. आज उत्तर मिळाले. धन्यवाद.

ऑक्टोबरमध्ये मात्र भिंतीवरून पाणी वाहताना दिसेलच, अशी अपेक्षा ठेवू नये. उन्हाळाभर उपसा झालेला असतो आणि जलाशय पुन्हा भरायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. कोरड्या भिंतीचे दगडकाम बारकाईने पाहता येते, हाच त्यातला फायदा.

संपदा

जुना अभियंता यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यात या खोऱ्यातील माणसांचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला खटकले. लेडीबावरच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावे गेली. डरवेंट गावात सतराव्या शतकातला डरवेंट हॉल हा वाडा होता, चर्च होते. चर्चच्या आवारातील थडग्यांमधले अवशेष उकरून बॅमफर्डला पुन्हा पुरण्यात आले. चर्चचा मनोरा तेवढा स्मारक म्हणून उभा ठेवला होता. पाणी उतरले की तो वर दिसे आणि लोक पोहत त्याच्यापर्यंत जाऊ लागले, म्हणून १९४७ साली तो सुरुंग लावून पाडण्यात आला. विस्थापितांपैकी अनेकांना धरणाच्या खाली यॉर्कशायर ब्रिज येथे बांधलेल्या घरांत हलवले गेले, म्हणजे ज्या भिंतीने गाव घेतले तिच्याच पायथ्याशी.

सुंदर देखावा म्हणून आपण जे पाहतो, ते कुणाचे तरी बुडीत क्षेत्र असते. १९२१ साली मुळशी पेट्यातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून आमची भाताची खाचरे का जावीत. इथे डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या शहरांना पाणी हवे होते. उजनीत पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि त्याची छायाचित्रे काढायला गर्दी होते. इथेही २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत डरवेंट गावाचे दगड उघडे पडले, तेव्हा तसेच झाले. त्या गर्दीत आपणही असावे का, याचा प्रत्येकाने विचार करावा.

जुना अभियंता

संपदाताई, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कागद मी स्वतः हाताळले आहेत आणि त्यातली दिरंगाई जवळून पाहिली आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. एक म्हणजे, कारखान्यांच्या शहरांत स्वच्छ पाण्याअभावी कॉलरा आणि विषमज्वराने माणसे मरत होती, त्या शतकाच्या अखेरीस, १८९९ साली, या चार शहरांसाठी डरवेंट खोऱ्याचे जलमंडळ स्थापन झाले. तो शौक नव्हता. दुसरे म्हणजे, इथे बुडालेली वस्ती लहान होती आणि मुळशीची व्याप्ती कितीतरी मोठी होती. या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

संपदा

वस्ती लहान असली म्हणून घर लहान होत नाही, काका. गरज खरी होती हे मान्यच आहे. गरज कुणाची आणि किंमत कुणी मोजली, एवढाच माझा प्रश्न आहे.

पत्र्याची चाळ

किमतीचा विषय निघालाच आहे, तर ज्यांनी ही धरणे प्रत्यक्ष बांधली त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. फेरीच्या पश्चिम किनाऱ्यावर, डरवेंट जलाशयाच्या कडेला बर्चिनली नावाची जागा लागते. आता तिथे झाडीत काही जोत्यांचे दगड आणि सपाट केलेले टप्पे एवढेच दिसतात. हाउडन आणि डरवेंटच्या बांधकामाच्या काळात तिथे पन्हळी पत्र्याच्या घरांचे एक आख्खे गाव वसवले होते आणि भरभराटीच्या काळात त्याची लोकसंख्या सुमारे ९०० होती. शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय, दुकाने, सार्वजनिक स्नानगृह आणि मद्याची खानावळ असे सगळे तिथे होते. लोक त्याला टिन टाउन म्हणत.

त्याआधीच्या धरणांवर खोदकाम करणारे मजूर चिखलात, गवताच्या झोपड्यांत राहत आणि रोगांनी मरत. बर्चिनली हा त्यावरचा सुधारलेला उपाय होता आणि माझ्या मते या खोऱ्यातली सर्वांत कौतुकास्पद वास्तू तीच होती, बुरुजवाल्या भिंती नव्हेत. काम संपल्यावर पत्रे उतरवून गाव उचलून नेले. आपल्याकडे धरणाच्या कामावर आलेल्या वडार आणि इतर मजुरांच्या पालांचा ठावठिकाणा सांगणारी एखादी पाटी कुणी पाहिली असेल, तर मला जरूर कळवावे.

गगनभरारी

बॉम्बफेकी विमानांचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात याच डरवेंट धरणावर उसळते, म्हणजे पाण्यावर टप्पे घेत जाणारे बॉम्ब टाकून सराव केला आणि नंतर जर्मनीची धरणे फोडली, अशी ही ऐतिहासिक जागा आहे.

सतरा कामं

डरवेंटवर बॉम्ब टाकलेले नाहीत, गगनभरारी. तसे केले असते तर शेफील्डकरांना प्यायला पाणी उरले नसते. १९४३ च्या वसंतात ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ क्रमांकाच्या तुकडीची लँकेस्टर बॉम्बफेकी विमाने इथे रात्री पाण्यावरून अतिशय खालून उडण्याचा सराव करत. प्रत्यक्ष मोहिमेत ६० फुटांची उंची राखायची होती, आणि त्यासाठी विमानाच्या पोटाखाली दोन दिवे असे बसवले होते की दोन्ही प्रकाशझोत पाण्यावर एकत्र आले म्हणजे उंची बरोबर. डरवेंट निवडण्याचे एक कारण म्हणजे ते अरुंद खोरे, आणि दुसरे म्हणजे भिंतीवरचे दोन मनोरे. जर्मनीतील मोहने धरणावरही तसेच दोन मनोरे होते आणि त्या दोन मनोऱ्यांमधल्या कोनावरून बॉम्ब सोडण्याचे अंतर ठरवायचे होते. बॉम्बच्या चाचण्या केंट परगण्यातील रेकल्व्हरच्या समुद्रकिनाऱ्याजवळ झाल्या.

मोहीम १६ आणि १७ मे १९४३ च्या रात्री झाली. मोहने आणि एडर ही धरणे फुटली, सोर्पे टिकले. सोर्पे मातीचे होते हे अभियंता काकांच्या लक्षात आलेच असेल. १९ विमानांपैकी ८ परतली नाहीत आणि ५३ वैमानिक व सहकारी मारले गेले. खाली पुरात सुमारे सोळाशे माणसे बुडाली आणि त्यांतील बरीचशी जर्मनीने पकडून आणलेली परदेशी वेठबिगार होती, त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. डरवेंटच्या स्मारकफलकापाशी उभे राहून विमानांचे कौतुक करताना ही दुसरी संख्याही ध्यानात असावी. आणखी एक योगायोग असा की, सराव चालू होता त्याच वसंतात खाली लेडीबावरमध्ये पाणी भरायला सुरुवात झाली होती.

कऱ्हाकाठ

आम्हा पुणेकरांना धरण फुटणे ही गोष्ट चित्रपटातली वाटत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा माझी आई सहा वर्षांची होती आणि नारायण पेठेतल्या घराच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी कसे चढले ते ती अजूनही हात वर करून दाखवते. तिला त्या स्मारकापाशी नेले होते. तिने फलक वाचून घेतला, खाली किती माणसे गेली ते विचारले आणि पुढे चालू लागली.

भटकी जमात

धरणांचीच हौस असेल तर वेल्समधील एलान खोरेही विचारात घ्यावे. तिथली जुनी धरणे १९०४ साली राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते सुरू झाली आणि तिथून बर्मिंगहॅमपर्यंत ७३ मैल पाणी निव्वळ उताराने, एकही पंप न लावता जाते. उसळत्या बॉम्बच्या आधीचे प्राथमिक स्फोट-प्रयोग १९४२ साली तिथल्याच नांट-अ-ग्रो या छोट्या, वापरात नसलेल्या धरणावर झाले होते आणि ते फुटलेले धरण आजही पाहता येते. गगनभरारी यांना फोडलेले धरणच पाहायचे असेल, तर तिथे जावे.

शेफील्डकर

भटकी जमात, सूचना उत्तम आहे, पण शेफील्डहून एलान एका दिवसात करणे म्हणजे दिवसभर गाडीतच बसणे. ते पुढच्या खेपेसाठी राखून ठेवते. वाटेतल्या पाहण्यासारख्या बाबींविषयी आणखी कुणाला काही सांगायचे असेल तर सांगावे.

मोत्या

डरवेंट धरणाच्या पश्चिम टोकाजवळ एका कुत्रीचे दगडी स्मारक आहे, ते चुकवू नये. जोसेफ टॅग हा ८५ वर्षांचा मेंढपाळ डिसेंबर १९५३ मध्ये आपल्या टिप या कुत्रीसह हाउडनच्या माळरानावर गेला आणि परतला नाही. पंधरा आठवड्यांनी त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा टिप जवळच जिवंत होती. आपल्या रायगडावरच्या वाघ्याची कथा सांगितली की लगेच वाद सुरू होतात. इथे निदान साल, नाव आणि साक्षीदार आहेत.

पायी_पंढरी

मला या फेरीतले सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे स्लिपरी स्टोन्सचा पूल. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला सतराव्या शतकातला हा अरुंद, कमानीचा पूल मुळात डरवेंट गावात होता. गाव बुडणार हे ठरल्यावर त्याचा एकेक दगड क्रमांक घालून काढून ठेवला आणि १९५९ साली तो वर, हाउडन जलाशयाच्याही पलीकडे पुन्हा उभा केला. पुलाखाली नदी दगडांवरून उथळ वाहते, पाणी चहाच्या रंगाचे असते. बरोबरच्या मंडळींना ते घाण वाटू शकते, म्हणून आधीच सांगून ठेवावे: वरच्या पठारावर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा जाड थर आहे, पाणी त्यातून झिरपत येते आणि त्याचा रंग घेऊन येते. दशम्या सोडायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण इथे अर्धे अंतर झालेले असते आणि काठावर गवताळ जागाही आहे.

कडेकपारी

आणि त्या पठारावर आज कुणीही मोकळेपणाने चालू शकते, हेही आपोआप घडलेले नाही. पूर्वी ती माळराने जमीनदारांच्या शिकारीसाठी आणि जलमंडळांच्या पाणलोटासाठी बंद असत. २४ एप्रिल १९३२ रोजी जवळच्याच किंडर स्काउटवर शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले आणि काहींनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. पीक डिस्ट्रिक्ट १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्या चळवळीचाही वाटा आहे. आपल्याकडे बहुतेक धरणांच्या भिंतीजवळ "प्रवेश निषिद्ध" ही पाटी आणि शिट्टी वाजवणारा पहारेकरी भेटतो. इथे काठाकाठाने आखलेली वाट मिळते. सासूबाईंना वर नेऊ नका, ठीक आहे. पण सासऱ्यांना एखाद्या दिवशी माझ्याबरोबर एजवर सोडा.

चहाबाज

सासऱ्यांचे अपहरण होण्याआधी मूळ प्रश्न सोडवावा, ही विनंती.

शेफील्डकर

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना हा धागा फोनवर वाचून दाखवला. दरवाजे नसलेल्या धरणाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि "जुना अभियंता कोण आहेत, कोणत्या मंडळात होते, विचार," असा निरोप दिला आहे. संपदाताईंच्या प्रतिसादावर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की गंगापूर धरणाच्या पाण्याखालीही गावे आहेत.

आता ठरवलेला बेत असा. पूर्ण फेरी करायची. रानवाट यांच्या म्हणण्याप्रमाणे पश्चिम किनाऱ्याने वर जायचे, म्हणजे टिपचे स्मारक आणि बर्चिनलीची जोती सकाळीच पाहून होतील. पुलावर जेवण. पूर्व किनाऱ्याने परत येऊन पायऱ्या टाळायच्या आणि दक्षिणेकडच्या हळू उताराने फेअरहोम्सला पोहोचायचे. सासूबाई थकल्याच, तर डांबरी रस्त्याच्या शेवटी किंग्ज ट्रीपाशी निर्णय घ्यायचा. त्या दिवशी रस्ता मोटारींना खुला असेल तर आमचे हे तिथपर्यंत गाडी घेऊन येतील, म्हणून वार कामकाजाचा निवडला आहे. हे पर्यायी चालकाच्या भूमिकेवर खूश आहेत, कारण त्यांना चालावे लागणार नाही.

मिडलँड्सची माई

बेत चांगला आहे. फक्त तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आधीची घ्यावी. त्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. महिन्याच्या मध्यावर सहा वाजेपर्यंत उजेड असतो. वृद्ध मंडळींना घेऊन, थांबत, फलक वाचत चालायचे तर सहा-सात तास धरावेत.

रानवाट

आणखी एक. खोऱ्यात मोबाइलला रेंज फार कमी ठिकाणी मिळते. त्यामुळे "किंग्ज ट्रीला गाडी घेऊन या" असा फोन तिथून लागेलच, असे गृहीत धरू नका. यजमानांना तिथे पोहोचण्याची वेळ सकाळीच ठरवून द्यावी आणि तुम्ही पुढे निघून गेला असाल तर ते कसे ओळखायचे, तेही आधीच बोलून ठेवावे.

जुना अभियंता

मी नाशिक मंडळात होतो, असे त्यांना सांगावे. आडनाव व्यक्तिगत निरोपात पाठवले आहे. बहुधा आम्ही एकाच कालव्यावर भांडलेलो आहोत.